कोर्सची चौकशी इंग्रजीत करताना नेमकं काय आणि कसं विचारावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळा मराठी माध्यमाची, लातूरच्या कॉलेजातून बी.कॉम., नंतर एका सीएच्या ऑफिसात नोकरी. आता डेटा ॲनालिटिक्स शिकायचं आहे. त्यासाठी पुण्यातल्या एका खासगी संस्थेला फोन करायचा आहे आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाला एमएस्सीबद्दल ईमेल लिहायचा आहे. एक ईमेल तुम्ही पाठवूनही पाहिला: "रिस्पेक्टेड सर/मॅडम, मायसेल्फ बी.कॉम. पास्ड आउट फ्रॉम लातूर. आय वॉन्ट टु टेक ॲडमिशन इन युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी. काइंडली सेंड ऑल डिटेल्स अँड डू द नीडफुल." उत्तरात फक्त वेबसाइटची लिंक आली. यातली कुठली वाक्यं चुकली आणि त्यांच्या जागी काय लिहायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

वाक्यांवर येतेच. पण लिंक का आली, ते आधी बघा. तुमच्या ईमेलमध्ये प्रश्नच नाही. "ऑल डिटेल्स" मागणाऱ्याला वेबसाइटची लिंक पाठवणं हेच त्या माणसाचं बरोबर उत्तर आहे, कारण सगळे तपशील तिथेच असतात. व्याकरण अगदी शुद्ध असतं तरी उत्तर हेच आलं असतं. पुण्यात मी बरीच वर्षं प्रवेश मार्गदर्शन करते आणि इंग्रजी संभाषण शिकवते. मराठवाड्यातून, खानदेशातून येणारी मुलं "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे" अशी सुरुवात करतात. त्यांचे ईमेल वाचले की बहुतेक वेळा इंग्रजी कामापुरतं असतं. काय विचारायचं आहे तेवढं मनात ठरलेलं नसतं. म्हणून माझी पद्धत अशी की आधी मराठीत तीन प्रश्न लिहून काढायचे, ज्यांची उत्तरं वेबसाइटवर नाहीत असे. इंग्रजी त्यानंतर.

दुसरी गोष्ट, चूक-बरोबर हे बरंचसं समोर कोण आहे यावर ठरतं. "आय पास्ड आउट इन २०२२", "आय हॅव अ डाउट", "प्लीज रिव्हर्ट बॅक" ही भारतातल्या इंग्रजीत रुळलेली वाक्यं आहेत. पुण्याच्या संस्थेत फोन उचलणारी व्यक्तीही असंच बोलते. तिथे ही वाक्यं वापरली म्हणून कमीपणा मानू नका, आणि बोलता बोलता अडखळून ती सुधारत बसू नका. भारताबाहेर मात्र "पास्ड आउट" म्हणजे बेशुद्ध पडलो, असं पहिल्यांदा डोक्यात येतं. "आय हॅव अ डाउट अबाउट युअर कोर्स" म्हटलं तर तुमच्या कोर्सवर माझा फारसा विश्वास नाही, असं ऐकू येतं. समजून घेणारा समजून घेईल, पण आपण लिहितानाच "आय ग्रॅज्युएटेड इन २०२२" आणि "आय हॅव अ क्वेश्चन" लिहिलं तर त्याला अंदाज बांधावा लागणार नाही. आणि ही दोन वाक्यं पुण्यातही चालतात.

आता आदराबद्दल, कारण तुमच्या ईमेलमधले निम्मे शब्द आदर दाखवण्यात गेले आहेत. मराठीत आदर क्रियापदातच असतो. "फी सांगा" आणि "फी सांगाल का?" यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीत ते काम "कुड यू" आणि "वुड इट बी पॉसिबल" करतात. "टेल मी द फीज" हे "फी सांग" इतकं तोडून बोलल्यासारखं वाटतं, पुढे "रिस्पेक्टेड सर" लावलं तरी. उलट "कुड यू टेल मी व्हॉट द फी इन्क्लूड्स?" या एका वाक्यात "सांगाल का" मधला सगळा अदबशीरपणा येतो. म्हणून "एस्टीम्ड", "युअर गुड सेल्फ", "प्लीज काइंडली" यांची गरज राहत नाही. "आय वॉन्ट" च्या जागी "आय वुड लाइक" लिहा. "मला पाहिजे" आणि "मला हवं होतं" यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच या दोघांत आहे.

"डू द नीडफुल" बद्दल माझं मत जरा कडक आहे. सरकारी पत्रव्यवहारात ते चालत आलं आहे, पण चौकशीच्या पत्रात ते लिहूच नये. काय करायला हवं ते समोरच्याने ओळखावं, असा त्याचा अर्थ होतो. तुम्हाला फीचा तपशील हवा आहे की पात्रतेबद्दल खुलासा, तेवढंच लिहा.

इंग्लंडचा ईमेल मी असा लिहीन. विषयाच्या ओळीत: "एन्क्वायरी: एमएस्सी डेटा ॲनालिटिक्स, सप्टेंबर एन्ट्री, ॲप्लिकंट फ्रॉम इंडिया". मग मजकूर:

"डिअर ॲडमिशन्स टीम, आय ॲम रायटिंग टु आस्क अबाउट द एमएस्सी इन डेटा ॲनालिटिक्स. आय हॅव अ थ्री-इयर बॅचलर ऑफ कॉमर्स फ्रॉम स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा युनिव्हर्सिटी, नांदेड, विथ अ फायनल रिझल्ट ऑफ ५८ पर्सेंट. सिन्स ग्रॅज्युएटिंग इन २०२२, आय हॅव वर्क्ड ॲज ॲन अकाउंट्स असिस्टंट. आय हॅव रेड द एन्ट्री रिक्वायरमेंट्स ऑन युअर वेबसाइट अँड हॅव थ्री क्वेश्चन्स. फर्स्ट, डज माय रिझल्ट मीट युअर रिक्वायरमेंट फॉर ॲप्लिकंट्स फ्रॉम इंडिया? सेकंड, इज धिस कोर्स ओपन टु ग्रॅज्युएट्स इन कॉमर्स? माय डिग्री इन्क्लूडेड बिझनेस मॅथमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स. थर्ड, वुड यू ॲक्सेप्ट अ मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन लेटर इन प्लेस ऑफ आयेल्ट्स? थँक यू फॉर युअर हेल्प." खाली तुमचं पूर्ण नाव, पासपोर्टवर जसं आहे तसंच. टक्के, वर्ष आणि विषय तुमचे खरे घाला. इथले मी उदाहरणादाखल घेतले आहेत.

यातलं एकेक वाक्य का आलं ते सांगते, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाला लिहिताना तुम्हाला स्वतः बदलता येईल.

"फ्रॉम लातूर" काढून विद्यापीठाचं नाव घातलं, कारण पदवी कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं. लातूरची कॉलेजं नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि तुमच्या पदवीवर तेच नाव आहे. परदेशातलं प्रवेश कार्यालय विद्यापीठाचं नाव आपल्या यादीत शोधतं. गावाच्या किंवा कॉलेजच्या नावावरून त्यांना काही ठरवता येत नाही. "थ्री-इयर" मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडे तीन आणि चार वर्षांच्या पदव्या दोन्ही आहेत आणि काही विद्यापीठांचे नियम त्यावरून बदलतात.

"आय कम्प्लीटेड" की "आय हॅव कम्प्लीटेड" यात आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. नियम सोपा आहे: वर्ष सांगितलं की "हॅव" नको. "आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०२२" चुकीचं, "आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०२२" बरोबर. "आय हॅव वर्क्ड सिन्स २०२२" मात्र बरोबर, कारण ते काम अजून चालू आहे. "आय ॲम हॅविंग बी.कॉम. डिग्री" हेही टाळा, पदवी आहे म्हणजे "आय हॅव". आणि "मायसेल्फ अमुक" ऐवजी "माय नेम इज" किंवा "आय ॲम". व्याकरणाचं एवढंच, यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवू नका.

"विल आय गेट ॲडमिशन?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक विद्यार्थी लिहितो आणि त्याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. अर्ज, कागदपत्रं आणि उरलेल्या जागा बघितल्याशिवाय प्रवेश देऊ असं कोण लिहून देईल? पण "माझा निकाल तुमच्या अटीत बसतो का?" याचं उत्तर त्यांच्या टेबलावर असतं. म्हणून "डज माय रिझल्ट मीट युअर रिक्वायरमेंट?" असं विचारायचं. "एलिजिबिलिटी" हा शब्द चुकीचा नाही, फक्त ब्रिटिश विद्यापीठांच्या वेबसाइटवर हीच गोष्ट "एन्ट्री रिक्वायरमेंट्स" या मथळ्याखाली मिळते. त्यांच्याच मथळ्यातला शब्द वापरला की तुम्ही पान वाचून आला आहात हेही कळतं.

इथे एक मोठा खड्डा आहे. ब्रिटिश विद्यापीठं पदव्युत्तर कोर्ससाठी बरेचदा "टू-वन", म्हणजे "अपर सेकंड क्लास" मागतात. तिकडे ७० टक्क्यांच्या वर "फर्स्ट" आणि साधारण ६० ते ६९ म्हणजे "टू-वन", आणि गुण देण्यात हात आखडता असल्यामुळे ७० ही फार वरची पायरी समजली जाते. आपल्याकडे ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळतो. म्हणजे "आय हॅव फर्स्ट क्लास" असं नुसतं लिहिलं, तर वाचणारा तिकडची सर्वोच्च श्रेणी समजेल आणि गुणपत्रिका बघितल्यावर गोंधळेल. श्रेणी लिहूच नका, टक्के किंवा सीजीपीए लिहा आणि तो कितीपैकी आहे तेही. भारतीय पदवीचे किती टक्के त्यांच्या टू-वनच्या बरोबरीचे धरायचे, हे प्रत्येक विद्यापीठ आपलं ठरवतं. काही ठिकाणी ते तुमच्या भारतीय विद्यापीठावरूनही बदलतं. म्हणून प्रश्नात "फॉर ॲप्लिकंट्स फ्रॉम इंडिया" हे चार शब्द आले.

वाणिज्य शाखेचा दुसरा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. डेटा ॲनालिटिक्सच्या काही एमएस्सी गणित, संख्याशास्त्र किंवा संगणक शिकलेल्यांसाठी असतात आणि काही कुठल्याही शाखेतून आलेल्यांसाठी मुद्दाम आखलेल्या असतात. दुसऱ्या प्रकाराला ब्रिटनमध्ये "कन्व्हर्जन कोर्स" म्हणतात. हा शब्द माहीत असला की शोधही सोपा होतो आणि प्रश्नही: "इज धिस अ कन्व्हर्जन कोर्स, ऑर डू यू एक्स्पेक्ट अ बॅकग्राउंड इन मॅथ्स?" ज्या मुलांना हा शब्द माहीत नसतो ती दहा ठिकाणी अर्ज करून नकार गोळा करतात, आणि इंग्रजी कमी पडलं अशी स्वतःची समजूत करून घेतात. याचं मला फार वाईट वाटतं.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेबद्दल लिहिताना "आय गेव्ह आयेल्ट्स" नको. आपण परीक्षा देतो, इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा "टेक" करतो. "आय टुक आयेल्ट्स अँड स्कोअर्ड ६.५ ओव्हरऑल, विथ नो बँड बिलो ६" अशी मांडणी करा, कारण विद्यापीठांच्या अटी याच शब्दांत छापलेल्या असतात: एकूण इतके आणि कुठल्याही विभागात इतक्यापेक्षा कमी नको. ओव्हरऑल ६.५ असूनही लेखनात ५.५ असले म्हणून अडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शनचं पत्र, म्हणजे तुम्ही कुठल्या माध्यमातून शिकलात त्याचा दाखला, तुमच्या कॉलेजकडून किंवा विद्यापीठाकडून मिळतं. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तरच त्याचा उपयोग, आणि ते चालतं की नाही हे विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून विचारायचं. शाळा मराठी माध्यमाची होती हे लपवू नका; त्यांनी विचारलं तर सरळ सांगा.

एखादा विषय राहिला असेल तर "आय हॅड एटीकेटी" लिहून भागणार नाही. "अलाउड टु कीप टर्म्स" ही आपल्याकडच्या विद्यापीठांची भाषा. "बॅकलॉग" हा शब्द भारतीय अर्ज हाताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना माहीत असतो, पण विभागातल्या प्राध्यापकांना माहीत असेलच असं नाही. दोघांनाही कळेल असं वाक्य: "आय फेल्ड वन पेपर इन द सेकंड इयर अँड पास्ड इट ऑन द नेक्स्ट अटेम्प्ट." नोकरीच्या वर्षांना "गॅप" म्हणू नका. तिकडे "गॅप इयर" म्हणजे शाळा संपल्यावर विद्यापीठात जाण्याआधी हौसेने घेतलेली सुट्टी. तुम्ही काम करत होतात. ते काम म्हणूनच लिहा.

काही शब्द दोन्हीकडे आहेत, पण त्यांचे अर्थ सरकलेले आहेत. आपल्या कॉलेजात "इनटेक" म्हणजे मंजूर जागांची संख्या, साठचा इनटेक, एकशेवीसचा इनटेक. परदेशी विद्यापीठात "सप्टेंबर इनटेक" म्हणजे सप्टेंबरमध्ये सुरू होणारी तुकडी. "व्हॉट इज युअर इनटेक?" असं त्यांना विचारलं तर उत्तरात महिना येईल. जागांबद्दल विचारायचं असेल तर "आर देअर स्टिल प्लेसेस अव्हेलेबल फॉर सप्टेंबर?" म्हणा. "ट्यूशन" आपल्याकडे शिकवणी. तिकडे "ट्यूशन फी" म्हणजे शिक्षणाचं मुख्य शुल्क. राहण्याच्या सोयीला "हॉस्टेल" म्हटलं तर प्रवाशांचं स्वस्त लॉज डोळ्यासमोर येतं. "स्टुडंट अकोमोडेशन" म्हणा. गुणपत्रिकेला "ट्रान्स्क्रिप्ट" म्हणतात, पण तुमच्या मार्कशीटच चालतील की विद्यापीठाने दिलेली एकत्रित ट्रान्स्क्रिप्ट लागेल, हे विचारून घ्या, कारण ती मिळवण्यात वेळ जातो. आणि "कोर्स" हा शब्द तर देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये पूर्ण एमएस्सी म्हणजे "कोर्स" आणि त्यातला एक विषय म्हणजे "मॉड्यूल". अमेरिकेत पूर्ण अभ्यासक्रम म्हणजे "प्रोग्रॅम" आणि एकेक विषय म्हणजे "कोर्स". अमेरिकन विद्यापीठाला "हाउ मच इज द फी फॉर द कोर्स?" विचारलं तर एका विषयाची फी कळण्याचा धोका आहे. तिकडे "ग्रॅज्युएट स्कूल" म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण, हेही लक्षात असू द्या. आपण "ग्रॅज्युएशन करतोय" म्हणतो तेव्हा त्यांच्या भाषेत ते "अंडरग्रॅज्युएट" असतं.

"ॲडमिशन झालं" या एका मराठी वाक्यात आपण चार टप्पे बसवतो, आणि ईमेलमध्ये "टेक ॲडमिशन" लिहिल्याने नेमकं कुठे आहात ते कळत नाही. अर्ज करणं म्हणजे "अप्लाय". त्यांनी जागा देऊ केली म्हणजे "आय हॅव रिसिव्ह्ड ॲन ऑफर". ती तुम्ही घेतलीत म्हणजे "आय हॅव ॲक्सेप्टेड द ऑफर". फी आणि कागदपत्रांसह नाव दाखल झालं म्हणजे "एनरोल्ड". ऑफर "कंडिशनल" असेल तर काही अट अजून पुरी व्हायची आहे, उदाहरणार्थ आयेल्ट्सचे गुण किंवा अंतिम वर्षाचा निकाल. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या की ती "अनकंडिशनल" होते. कंडिशनल ऑफर हातात आली म्हणून घरी पेढे वाटून नोकरी सोडू नका, आधी विचारा, "कुड यू कन्फर्म व्हिच कंडिशन्स आय स्टिल नीड टु मीट, अँड बाय व्हेन?"

आता पुण्याच्या फोनकडे. इथे भाषेची अडचण कमी आणि पैशाची जोखीम जास्त. खरं तर मराठीतच बोला. पुण्यातल्या संस्थेत मराठी बोलणारं कुणीतरी असतंच, आणि फी-करारासारख्या गोष्टी आपल्या भाषेत विचारल्या तर फसगत कमी होते. समोरची व्यक्ती इंग्रजीतच बोलत असेल, तर पुढची वाक्यं उपयोगी पडतील.

प्रश्नातला शब्दक्रम मराठीतून जसाच्या तसा येतो. "बॅच कधी सुरू होणार?" वरून "व्हेन द बॅच इज स्टार्टिंग?" होतं, हवं "व्हेन डज द नेक्स्ट बॅच स्टार्ट?". "किती महिन्यांचा कोर्स आहे?" वरून "हाउ मेनी मंथ्स कोर्स इज धिस?" होतं; हवं "हाउ लाँग इज द कोर्स?". "कुड यू टेल मी" पुढे आलं की क्रम पुन्हा साधा होतो: "कुड यू टेल मी व्हेन द बॅच स्टार्ट्स?", "कुड यू टेल मी व्हॉट द टोटल फी इज?". ही दोन-तीन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, जीभ वळते. फोनवर शब्दक्रम चुकला तरी काम अडत नाही, म्हणून त्याचं दडपण घेऊ नका. "फीज" अनेकवचनी असल्यामुळे "व्हॉट आर द फीज?", नाहीतर "व्हॉट इज द टोटल फी?". मला दुसरं आवडतं, कारण त्यातल्या "टोटल" ने सगळं बाहेर येतं.

आणि टोटल विचारलं तरी थांबू नका. खासगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि जाहिरातीतल्या आकड्यात तो बरेचदा धरलेला नसतो. ५०,००० चा कोर्स हातात येईपर्यंत ५९,००० चा होतो. म्हणून: "डज धिस इन्क्लूड जीएसटी? आर देअर एनी अदर चार्जेस, फॉर एक्झाम्स ऑर सर्टिफिकेट?" हप्त्यांबद्दल विचारताना तर फार जपा. "कॅन आय पे इन इन्स्टॉलमेंट्स?" याला हमखास "येस, ईएमआय अव्हेलेबल" असं उत्तर येतं. संस्थेने स्वतः हप्ते पाडून देणं वेगळं आणि एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज तुमच्या नावावर काढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात संस्थेला सगळी रक्कम आधीच मिळते. तुम्ही महिन्याभरात कोर्स सोडलात तरी हप्ते तुमच्या खात्यातून जात राहतात आणि थकले तर तुमची कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिल स्कोअर खाली येतो. म्हणून याच शब्दांत विचारा: "इज धिस ॲन इन्स्टॉलमेंट प्लॅन फ्रॉम द इन्स्टिट्यूट, ऑर अ लोन इन माय नेम?" उत्तर देताना समोरचा घुटमळला तर आधार किंवा पॅनचा फोटो पाठवू नका, मोबाइलवर आलेला ओटीपी तर सांगूच नका.

"इज धिस कोर्स रेकग्नाइज्ड?" हा प्रश्नही अपुरा आहे. "येस, गव्हर्न्मेंट रेकग्नाइज्ड" एवढंच उत्तर येतं आणि त्याला काही अर्थ नसतो. आपल्याकडे तांत्रिक आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांना एआयसीटीईची मान्यता असते, कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असतं आणि मूल्यांकन नॅक करतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवी देण्याचा अधिकार तर १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार फक्त विद्यापीठांना आणि कायद्याने तो अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. खासगी संस्था फार तर स्वतःचं प्रमाणपत्र देते. त्यात वाईट काही नाही. कौशल्य येत असेल तर प्रमाणपत्रही उपयोगी पडतं. पण तुम्हाला काय मिळणार ते आधी कळलं पाहिजे: "इज इट अ डिग्री, अ डिप्लोमा ऑर अ सर्टिफिकेट? हूज नेम विल बी ऑन इट?" एखाद्या विद्यापीठाचं नाव सांगितलं, तर त्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर हा कोर्स आणि ही संस्था दिसते का ते स्वतः बघा.

नोकरीबद्दल "डू यू गिव्ह जॉब?" विचारलं की "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स" ऐकू येतं. "असिस्टन्स" म्हणजे मदत, आणि मदतीचं आश्वासन शंभर टक्के देणं कुणालाही सोपं आहे. सगळ्यात मोठं पॅकेज किती, हेही विचारू नका. ते एका विद्यार्थ्याचं असतं. विचारायचं असं: "हाउ मेनी स्टुडंट्स वेअर इन द लास्ट बॅच, हाउ मेनी गॉट जॉब्ज, अँड इन व्हॉट रोल्स? कॅन आय स्पीक टु वन ऑर टू ऑफ देम?" माजी विद्यार्थ्याशी बोलायला मिळालं तर वाणिज्य शाखेतून आलेलाच मागा. त्याला पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा शिकताना काय जड गेलं, ते तुमच्या कामाचं आहे.

समोरचा भरभर बोलू लागला की आपली मुलं "ओके सर, ओके सर" म्हणत राहतात आणि फोन ठेवल्यावर हातात काही उरत नाही. त्यासाठी तीन वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवा. "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. कुड यू रिपीट द लास्ट पार्ट?" मग स्वतः परत वाचून दाखवायचं: "सो द टोटल इज फिफ्टी-नाइन थाउजंड, इन्क्लूडिंग जीएसटी. इज दॅट राइट?" आणि शेवटी, "कुड यू प्लीज सेंड मी धिस बाय ईमेल?" तिसरं वाक्य सगळ्यात किमती आहे. फोनवर कबूल केलेली सवलत, परताव्याची अट, बॅचची तारीख, सगळं लेखी मागा. लेखी द्यायला जी संस्था टाळाटाळ करते, तिथे मी माझ्या विद्यार्थ्याला पैसे भरू देत नाही.

एक शंका उरते: पहिला ईमेल गेलाच आहे, आता दुसरा पाठवला तर वाईट दिसेल का? अजिबात नाही. जुन्याच ईमेलच्या उत्तरादाखल पाठवा, म्हणजे त्यांना आधीचं सापडेल, आणि सुरुवात अशी करा: "थँक यू फॉर द लिंक. आय हॅव रेड द पेज अँड हॅव थ्री स्पेसिफिक क्वेश्चन्स." मग वरचे तीन प्रश्न. साधारण दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकच ओळ पुरे: "आय ॲम फॉलोइंग अप ऑन माय ईमेल ऑफ फोर्थ जून. कुड यू लेट मी नो इफ यू नीड एनी मोअर इन्फर्मेशन फ्रॉम मी?" त्यानंतरही शांतता असेल, तर त्या कोर्सच्या पानावर प्रोग्रॅम डायरेक्टरचं किंवा कोर्स लीडरचं नाव असतं, त्यांना दुसरा प्रश्न तेवढा विचारा. वाणिज्यवाल्याला हा कोर्स झेपेल का, हे प्रवेश कार्यालयापेक्षा त्यांना चांगलं माहीत असतं.